कलम सात

वेर्ण्याहून पत्र आलं : बढती, आणि सोबत गाडी.
मर्यादा अकरा लाख, रस्त्यावर येईपर्यंतचं सगळं धरून.
रंग पांढरा किंवा राखाडी.
इंजिन सोळाशेच्या आत, नाहीतर जादा कर माझ्या पगारातून.
चार वर्षांनी परत, किंवा घसरलेल्या किमतीत विकत.
खाली बारीक अक्षरांत कलमं, एक ते अकरा.
दोनदा वाचली.
औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद वाचायची सवय आहे मला.

महिनाभर मी स्थळं पाहावीत तशा गाड्या पाहिल्या.
एक पोटाला कमी खाणारी, पण डिकीत
सॅम्पलचे सहा खोके मावत नाहीत.
एक उंच, ऐटबाज, साडेअकराच्या घरातली;
आयरीन म्हणाली, वरचे पन्नास हजार तू घाल ना.
वरचे पन्नास हजार म्हणजे आमच्या न्हाणीचं छप्पर.
एकीला सनरूफ. मयेच्या उन्हात सनरूफ
म्हणजे डोक्यावर तवा.
विजेची घ्यावी, तर आमच्या वाड्यावरची वीज
संध्याकाळी सातला डोळे मिचकावते.
आणि चोडणच्या फेरीवर चढताना
जिचं पोट घासेल, ती बाद.

शनिवारी पर्वरीच्या शोरूमला पप्पा आले.
इस्त्रीचा शर्ट. काचेच्या दारापाशी
चपला काढायला वाकले,
मी म्हटलं, असू देत.

बावीस वर्षं त्यांनी टिपर चालवला,
पाळीच्या खाणीपासून आमोण्याच्या जेटीपर्यंत,
दिवसाला सात खेपा.
टिपर दुसऱ्याचा, खोकला स्वतःचा.
खाण बंद पडली तेव्हा शेटनं चावी मागितली,
त्यांनी दिली,
आधी केबिन पुसून.

जॉयविन नावाचा मुलगा टॅबवर बोट फिरवत
एअरबॅगा सांगत होता, टचस्क्रीन, सहा स्पीकर.
पप्पांनी सगळं ऐकून घेतलं.
"रिव्हर्सांत कशी?"
"कॅमेरा आहे अंकल, रेषा दिसतात, हिरवी, पिवळी, लाल."
"रेषा नाका. गाडी."

टेस्ट ड्राइव्हला ते पुढे गेले फक्त वळणापर्यंत.
मग शोरूममागच्या चढावर, मान मागे वळवून,
एक हात माझ्या सीटच्या पाठीवर,
पन्नास मीटर उलटे,
ओळंबा सोडावा तसे सरळ.
मागे बसलेल्या जॉयविननं दाराचं हँडल धरलं होतं.

खाणीत माती ओतायची
तर कड्याकडे पाठ करूनच जावं लागे,
मागे किती जमीन उरलीय
हे सांगायला कुणी नसे.
हे त्यांनी आत्ता, गाडी थांबवता थांबवता सांगितलं.
तेव्हा मी सातवीत होते,
त्यांच्या कपड्यांसोबत धुतलेल्या शाळेच्या ब्लाउजला
लाल झाक आली म्हणून आईशी भांडत होते.

"ही घे."
मधली. साडेदहाची.
जिच्याविषयी कुणाला सांगावं असं
काहीच नव्हतं माझ्याकडे.
"हिचो ब्रेक फट मारिना," ते म्हणाले.

अर्ज भरला. मालक : कंपनी.
वापरणार : वैजयंती सोयरू गांवस.
सहीपर्यंत आले आणि मान वर केली तर पप्पा
डिकीवर वीत लावत होते,
एक, दोन, अडीच,
पुन्हा पहिल्यापासून.

टिपरच्या कपाळावर माझं नाव होतं,
पिवळ्या रंगात, वरच्या दोन मात्रा
मोराच्या तुऱ्यासारख्या लांबवलेल्या.
शेटनं कधी विचारलं नाही, कोण ही.
साखळीचा पेंटर अजून हात चालवतो का,
असं काहीतरी ते पुटपुटत होते.

कलम सात : वाहनावर कोणतंही नाव, चित्र, स्टिकर,
देवाचं वा माणसाचं,
लावता येणार नाही.

मी सही केली.
पेन रंगाच्या रकान्यावर अडलं.

"पांढऱ्यावर पिवळं दिसायचं नाही," पप्पा म्हणाले,
"राखाडी सांग."